रस्त्याच्या कामावरची वाहतूक व्यवस्था आणि पट्टे: काय, कधी आणि कशानं तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यात एका राज्यमार्गाचं रुंदीकरण सुरू आहे, एकपदरी रस्ता दुपदरी होतोय. नव्यानं रुजू झालेल्या साईट इंजिनिअरकडे ट्रॅफिक कंट्रोल आणि रोड मार्किंगची, म्हणजे रस्त्यावरच्या पट्ट्यांची, तपासणी दिली आहे. कंत्राटदाराचा सुपरवायझर रोज सांगतो की बोर्ड सगळे लागले आहेत आणि पट्टाही चकचकीत आहे. नेमकं काय पाहायचं, कशानं मोजायचं आणि काम कधी थांबवायचं?

सुरुवात वेळेपासून करा. ही तपासणी बहुतेक साईटवर सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात उरकली जाते आणि तिथेच ती फसते. बोर्ड, प्लास्टिकचे कोन (शंकू), बॅरिकेड यांची परीक्षा अंधार पडल्यावर होते. पट्ट्याची परीक्षा तो मशीनमधून रस्त्यावर पडत असताना होते. दुसऱ्या दिवशी गार पट्टा पाहून तो वाईट आहे एवढंच कळतं. का वाईट आहे ते कळत नाही, आणि तोवर पुढचे दोन किलोमीटरही तसेच मारून झालेले असतात. म्हणून आठवड्यातून निदान एक रात्र बोर्डांसाठी ठेवा आणि पट्टे मारायच्या दिवशी माल वितळवणाऱ्या बॉयलरपासून हलू नका.

कागद हाताशी असू द्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनची पाचवी आवृत्ती (२०१३) करारात असेल, तर काम सुरू असतानाच्या वाहतुकीसाठी कलम ११२, बोर्डांसाठी ८०१ आणि मार्किंगसाठी ८०३ वाचा. त्याच्या जोडीला इंडियन रोड्स काँग्रेसची (आयआरसी) मानकं: वर्क झोनसाठी, म्हणजे काम सुरू असलेल्या भागासाठी, आयआरसी:एसपी:५५, पट्ट्यांसाठी आयआरसी:३५ आणि चिन्हांसाठी आयआरसी:६७. आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे तुमच्याच कामाचा मंजूर ट्रॅफिक मॅनेजमेंट प्लॅन. अनेक ठिकाणी तो फाईलमध्येच राहतो आणि साईटवरच्या फोरमननं तो पाहिलेलाही नसतो. त्याची मोठी प्रत काढून कॅम्पच्या भिंतीवर लावायला सांगा.

काम सुरू असताना

या रस्त्यावरून कोण जातं ते आधी डोळ्यांसमोर आणा. खरीप निघाला की सोयाबीन, दिवाळीच्या आसपास जिनिंगकडे जाणारा कापूस, पुढे तुऱ्हाट्या आणि पळाट्या (तुरीची आणि कापसाची वाळलेली झाडं) भरलेल्या बंड्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर मातीनं माखलेला असतो. कापसानं ठासून भरलेली ट्रॉली स्वतःच्या चाकांपेक्षा कितीतरी रुंद असते. अरुंद केलेल्या भागात मोकळी रुंदी टेपनं मोजली आणि कागदावर बरोबर आली, तरी ही ट्रॉली कोनांना न घासता जाते का ते उभं राहून पाहा. घासत असेल तर रात्रीतून कोन आडवे होणार आणि मागून येणाऱ्या दुचाकीला वाट दाखवायला काही उरणार नाही.

वर्क झोनचे भाग तुम्हाला माहीतच असतील: आगाऊ सूचनेचा भाग, मग रस्ता हळूहळू अरुंद होत जातो तो टेपर, मग प्रत्यक्ष काम आणि शेवटी वाहतूक पुन्हा मूळ रस्त्यावर येते तो भाग. येणाऱ्या वाहनांचा वेग ताशी ५१ ते ८० किमी असेल तर आगाऊ सूचनेसाठी १०० ते ३०० मीटर आणि टेपरसाठी ५० ते १०० मीटर लांबी धरतात. वेग ८१ ते १०० असेल तर आगाऊ सूचना ३०० ते ५०० मीटरवर आणि टेपर १०० ते २०० मीटर. इथे वेग म्हणजे बोर्डावर लिहिलेला वेग नव्हे, गाड्या खरोखर ज्या वेगानं येतात तो. अर्धा रस्ता नवा गुळगुळीत झाला की गाड्यांचा वेग वाढतो. महिन्यापूर्वी पुरेसं असलेलं अंतर आज अपुरं पडतं, त्यामुळे डांबरीकरण पुढे सरकेल तसे बोर्डही पुढे सरकले पाहिजेत. सगळ्यात जास्त सापडणारा दोष हाच: काम चार किलोमीटर पुढे गेलेलं असतं आणि ‘काम चालू आहे’ हा बोर्ड पहिल्याच दिवसाच्या जागी उभा असतो.

उलटा दोषही तितकाच घातक आहे. काम नसताना उघडा राहिलेला बोर्ड लोकांना बोर्डावर विश्वास न ठेवायला शिकवतो. ‘ताशी २० किमी’ असं लिहिलेलं आणि पुढे दोन किलोमीटर काहीच नाही, असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी खड्डा खरा असला तरी कोणी ब्रेक लावत नाही. काम संपलं की त्या दिवशीच बोर्ड झाकायला किंवा काढायला लावा. बोर्ड मांडताना सगळ्यात लांबच्या आगाऊ बोर्डापासून कामाच्या दिशेनं मांडत यायचं, काढताना बरोबर उलटं. असं केलं नाही तर मांडणाऱ्या मजुरामागे कोणतीच सूचना नसते.

रात्रीच्या फेरीची पद्धत सांगतो. दोघं जा. एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं लिहायचं. डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, दोन्ही दिशांनी एकेक फेरी करा आणि एक फेरी मोटारसायकलवर करा, कारण तिचा दिवा कमी प्रकाशाचा असतो आणि या रस्त्यावर तीच वाहनं जास्त आहेत. प्रत्येक बोर्ड किती मीटरवरून वाचता आला, टेपर सुरू होण्याआधी कुठे वळायचं ते कळलं का, खोदाईची कड दिसली का, जुना खोडलेला पट्टा चुकीच्या बाजूला ओढतो का, एवढंच नोंदवा. दिवसा सुरेख दिसणारा बोर्ड रात्री काळा दिसला तर तीन कारणं शोधा. शीटवर धूळ बसलेली असते, किंवा बोर्ड तिरका झालेला असतो, किंवा रिफ्लेक्टिव्ह शीटऐवजी साधा रंग मारलेला असतो. पहिल्या दोन्हींचा इलाज ओलं फडकं आणि पाना. तिसऱ्यात बोर्ड परत पाठवायचा. खांबावरच्या बोर्डाची खालची कड रस्त्याच्या पातळीपासून निदान १.५ मीटर वर असावी. पावसाळ्यात बेशरमाची झुडपं आणि गवत इतकं वाढतं की जूनमध्ये स्वच्छ दिसणारा बोर्ड ऑगस्टमध्ये झाडीत हरवतो, म्हणून झाडी छाटण्याचं काम महिन्याच्या यादीत घाला.

स्टँड वाऱ्यानं पडू नये म्हणून त्यावर दगड ठेवलेले दिसतील. दगड नकोत, रेतीची पोती हवीत. धडक बसली की दगड उडतो. रस्ता बंद दाखवायला चुना लावलेले दगड किंवा बाभळीच्या फांद्या मांडणं तर कुठल्याही परिस्थितीत चालवून घेऊ नका. दुचाकीस्वार रात्री दगडावर आदळला तर वाचणं कठीण. प्लास्टिकच्या कोनावर आदळला तर कोन उडेल, माणूस घरी जाईल.

आता खोदाई. रुंदीकरणात चालत्या रस्त्याला लागून काळी माती काढून बॉक्स कटिंग, म्हणजे पेटीसारखी खोदाई, करतात. काळी माती ओली झाली की फुगते आणि ढासळते, सुकली की भेगाळते. कोरड्या दिवसात उभी राहिलेली बाजू पहिल्या पावसात चालत्या डांबराखालून निसटते. दोन गोष्टींवर ठाम राहा. एकाच ठिकाणी दोन्ही बाजू एकदम खोदू द्यायच्या नाहीत. आणि चालत्या रस्त्याच्या कडेनं सलग उघडलेली लांबी साधारण ५०० मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही. कलम ११२ तेच सांगतं. त्याहून लांब परवानगी दिली असेल तर दर अर्ध्या किलोमीटरला निदान २० मीटर लांब आणि २.५ मीटर जास्त रुंदीची पक्की बगल द्यावी लागते, म्हणजे समोरासमोर आलेल्या गाड्यांना बाजूला होता येतं. ही बगल मोजा. बहुतेक वेळा ती मुरूम टाकून केलेली असते आणि दोन पावसांत तिचा चिखल होतो. भरणीचा वेग पाहूनच पुढची खोदाई मंजूर करा: आज जेवढं जीएसबी (रस्त्याचा खडी-मुरमाचा खालचा थर) टाकून बुजवता येईल तेवढंच उद्या उघडायचं.

मोऱ्यांचं काम सुरू असेल तर नाल्यातलं डायव्हर्जन, म्हणजे तात्पुरता वळणरस्ता, मेअखेरीस पुन्हा तपासा. ह्यूम पाईप (सिमेंटचे मोठे पाईप) टाकून केलेला भराव पहिल्या मोठ्या पुरात वाहून जातो आणि रात्री येणाऱ्याला समोर रस्ताच उरत नाही. पाईपांची तोंडं पळाट्यांनी आणि गाळानं बुजली आहेत का पाहा, दोन्ही कडांना रिफ्लेक्टर लावलेले खुंट आहेत का पाहा, आणि पाणी भरावावरून वाहायला लागलं की रस्ता कोण बंद करणार, त्या माणसाचं नाव प्लॅनमध्ये लिहून घ्या. मुरमाच्या डायव्हर्जनवर उन्हाळ्यात पाणी मारलं नाही तर ट्रकमागच्या धुळीत बोर्ड आणि समोरची गाडी दोन्ही दिसत नाहीत. किती टँकर मारले ते रजिस्टरवर न पाहता दुपारी तीन वाजता रस्त्यावर जाऊन पाहा.

एका वेळी एकाच बाजूची वाहतूक सोडायची असेल तर दोन्ही टोकांना झेंडेवाला हवा. झेंडा ६०० मिलिमीटर चौरस, अंगात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, अंधार पडल्यावर हातात लाल दिव्याची कांडी. दोघांना एकमेक दिसत नसतील तर वॉकीटॉकी द्या. मोबाईलवर विसंबू नका, अनेक गावांमधल्या पट्ट्यात रेंज नसते. वॉकीटॉकी बिघडला तर जुनी पद्धत उत्तम चालते: सोडलेल्या शेवटच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे एक रंगीत काठी द्यायची, ती काठी पलीकडच्या माणसाच्या हातात पडेपर्यंत त्यानं आपली बाजू सोडायची नाही. झेंडेवाला दुपारी जेवायला गेल्यावर त्याच्या जागी कोण असतं, हा प्रश्न विचाराच. आणि एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास असताना त्याला सावली आणि पाणी मिळतं का तेही पाहा. उन्हानं भोवळ आलेला माणूस दोन्ही बाजू एकदम सोडतो.

रात्री रोलर, पेव्हर आणि गिट्टीचे ढीग कुठे असतात? साईडपट्टीवर असतील तर हलवायला लावा. हलवणं शक्यच नसेल तर पुढे टेपर आणि लुकलुकणारा दिवा, नुसता एक कोन नाही.

डांबर झालं, पट्टा नाही

या मधल्या काळाकडे कोणाचंच लक्ष नसतं. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरचं सलग डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज नोंद झाली. लेपनाचा वेग आता असा वाढला आहे. पट्टा मात्र आजही माणसाच्या चालीनं पुढे सरकतो. त्यामुळे नवा कोरा काळा रस्ता, ना मध्य दिसतो ना कड, आणि साईडपट्टी अजून भरलेली नाही, अशी स्थिती कित्येक दिवस राहते. शिवाय नव्या डांबरावर लगेच थर्मोप्लास्टिक, म्हणजे पट्ट्याचा वितळवून मारायचा माल, मारणंही बरोबर नाही; वरचं तेल पट्ट्यात चढतं आणि पांढरा रंग पिवळट पडतो. निदान दोन आठवडे वाहतूक जाऊ द्यावी. म्हणून त्या दिवसांसाठी साध्या रंगाच्या तात्पुरत्या मध्यरेषेचा आग्रह धरा आणि कडेला रिफ्लेक्टर लावलेले खुंट, विशेषतः वळणांवर आणि मोऱ्यांच्या तोंडाशी. वळणावर खुंट इतके जवळ हवेत की एका नजरेत निदान तीन दिसतील.

वाहतूक वळवताना जुना पट्टा नको असेल तर तो घासून किंवा खरवडून काढायचा. त्यावर काळा रंग फासला की दिवसा लपतो, पण पावसाळी रात्री समोरच्या दिव्यात तोच काळा पट्टा चमकतो आणि गाडीला जुन्या वाटेनं, म्हणजे नेमकी खोदाईकडे, घेऊन जातो. हा दोष दिसला की त्या रात्री वाहतूक सोडू नका.

पट्टे मारायचा दिवस

पिशवीत हे असू द्या: ३० मीटरचा टेप, स्टीलची पट्टी, व्हर्निअर, दांडीचा थर्मामीटर आणि इन्फ्रारेड थर्मामीटर, दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटा वजनकाटा, पत्र्याचे तुकडे, पारदर्शक प्लास्टिक आणि चिकटपट्टी, छिन्नी, टॉर्च. रेट्रोरिफ्लेक्टोमीटर, म्हणजे पट्टा दिव्याचा प्रकाश किती परत पाठवतो ते मोजणारं यंत्र, नंतर लागतो.

आधी माल. गरम मारायच्या पांढऱ्या थर्मोप्लास्टिकमध्ये बाइंडर (माल धरून ठेवणारी राळ) किमान १८ टक्के, प्रकाश परत पाठवणारे काचेचे मणी किमान ३० टक्के, टायटॅनियम डायऑक्साइड किमान १० टक्के आणि कॅल्शियम कार्बोनेटसारखी भर जास्तीत जास्त ४२ टक्के असते. कंत्राटदार वाचवतो तो मणी आणि टायटॅनियममध्ये, वाढवतो ती भर. प्रत्येक बॅचचं टेस्ट सर्टिफिकेट आणि पोत्यावरचा बॅच नंबर जुळवा, उत्पादनाची तारीख वर्षभरापेक्षा जुनी असेल तर माल परत करा, आणि उघडलेल्या पोत्यातून नमुना काढून सगळ्यांसमोर सील करा. नमुना का, ते नीट समजून घ्या. मणी दोन ठिकाणी असतात: काही मालात मिसळलेले, काही पट्टा गरम असताना वरून टाकलेले. पहिल्या आठवड्यातली चमक वरच्या मण्यांची असते. ते झिजले की आतले उघडे पडतात आणि पुढची दोन वर्षं त्यांच्यावर जातात. आत मणीच नसतील तर सातव्या दिवशी यंत्रानं घेतलेलं चमकेचं वाचन झकास येतं आणि पोळा येईपर्यंत पट्टा रात्री नाहीसा होतो. हे रस्त्यावरून कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतं.

रस्ता कोरडा आहे का ते हातानं ठरवू नका. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवा, पंधरा मिनिटांनी पाहा. आत थेंब जमले तर थांबा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे दव चांगलंच पडतं. रस्ता वरून सुका दिसतो, पण खडीच्या फटींत ओल असते. त्यावर जवळपास २०० अंशांचा माल पडला की वाफ होते, पट्ट्याला फुगे येतात, फुगे फुटून छिद्रं राहतात. थंडीत दहा-साडेदहाच्या आधी बॉयलर पेटवूच देऊ नका. मे महिन्यात उलटं: डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो, पट्टा लवकर घट्ट होत नाही, ट्रकचं टायर माल उचलून पुढे ठसे उमटवत जातं आणि वावटळीची धूळ त्यात रुतते. त्या महिन्यात पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत आवरायचं. पट्टा स्पर्शाला कोरडा व्हायला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागू नये, तोवर कोन हलवू द्यायचे नाहीत.

झाडू पुरेसा नाही. पांदणीतून येणाऱ्या ट्रॅक्टरनं आणलेली काळी माती सुकल्यावर डांबराला कातड्यासारखी चिकटते. तारेच्या ब्रशनं ती काढायची आणि मग कॉम्प्रेसरच्या हवेनं फुंकायची. सिमेंट रस्त्यावर क्युरिंग कंपाऊंडचा (सिमेंटची ओल टिकवायला फवारलेल्या द्रवाचा) थर आणि वरची पिठूळ साय घासून काढावीच लागते आणि प्रायमर, म्हणजे पकडीसाठी आधी मारायचा लेप, अनिवार्य आहे. प्रायमर मारून तो सुकण्याआधी पट्टा मारला तर त्यातलं द्रावक खाली अडकून फुगे आणतं. सिमेंट रस्त्यावरून पट्टा अखंड पापुद्र्यासारखा निघत असेल तर दहापैकी नऊ वेळा कारण या दोनांपैकी एक असतं.

आखणी दोरी आणि खडूनं करतात. डांबराची कड वेडीवाकडी असते, म्हणून कडेवरून मोजून मध्य काढू देऊ नका. सर्वेच्या मध्यरेषेवरून काढा आणि वळणावर खुणा जवळजवळ घ्या. तुटक रेषेची रेष आणि मोकळी जागा नकाशात दिल्याप्रमाणे आहे का हे एका तुकड्यावर मोजू नका. सलग दहा जोड्यांची एकूण लांबी मोजा, तिथे चूक साठलेली दिसते. कॅरेजवे (गाड्या चालण्याचा पक्का भाग) ५ मीटरपेक्षा अरुंद असेल तर मध्यरेषा आखत नाहीत. ग्रामसडकेच्या जोडरस्त्यावर कोणी हौसेनं मारत असेल तर थांबवा. ओव्हरटेकिंगला बंदी असलेली अखंड रेषा कुठे सुरू होते ते नकाशावर विसंबून सोडू नका. दोन माणसं, १.२ मीटर उंचीच्या दोन काठ्या आणि मोजलेलं अंतर घेऊन चढावर आणि वळणावर चाला. एका काठीच्या टोकावरून दुसरीचं टोक जिथे दिसेनासं होतं तिथून बंदी सुरू झाली पाहिजे. नकाशा काढताना नसलेली तुरीची उभी पिकं आणि नवी घरं आज दृष्टी अडवत असतात.

आता बॉयलर. मारण्याचं तापमान उत्पादकानं दिलेलं असतं, साधारण १८० ते २०० अंश. इन्फ्रारेड वरची साय मोजतो, म्हणून ढवळल्यानंतर दांडीच्या थर्मामीटरनंही घ्या. माल जास्त तापला की राळ जळते. पांढऱ्यावर तपकिरी झाक येते आणि पट्टा गार झाल्यावर ठिसूळ होतो, थोड्याच दिवसांत बारीक आडव्या भेगा दिसतात. कमी तापला की कडा दातेरी येतात आणि माल रस्त्याच्या खडीत शिरत नाही. पट्ट्यात लांबच लांब ओरखडा दिसला तर मशीनच्या तोंडात जळलेला खडा अडकलेला असतो. कालचा उरलेला माल आज पुन्हा तापवून नव्यात मिसळतात, ही सवय मोडा.

जाडी २.५ मिलिमीटर, वरचे मणी सोडून. चालत्या मशीनसमोर पत्र्याचा तुकडा ठेवा, पट्टा त्यावरून जाऊ द्या, गार झाल्यावर पत्र्याची जाडी वजा करून मध्ये आणि दोन्ही कडांना व्हर्निअरनं मोजा. पत्रा दिसला की मजूर मशीन हळू ढकलतो आणि तेवढ्यापुरती जाडी येते. म्हणून दुसरी, न चुकणारी तपासणी पोत्यांची. घनता २ धरली तर एका चौरस मीटरला ५ किलो माल लागतो. १५० मिलिमीटर रुंदीच्या दोन अखंड कडरेषा एका किलोमीटरला ३०० चौरस मीटर होतात, म्हणजे १,५०० किलो, २५ किलोची ६० पोती. रिकामी पोती मोजा. ४२ निघाली तर सरासरी जाडी पावणेदोन मिलिमीटर आहे, पत्र्यावर काहीही येवो. सर्टिफिकेटवरची घनता घालून हा हिशेब रोज संध्याकाळी करा आणि पोती फाडून टाका, म्हणजे उद्या पुन्हा मोजली जाणार नाहीत.

वरून टाकायचे मणी चौरस मीटरला २५० ग्रॅम, म्हणजे वरच्या किलोमीटरला ७५ किलो. सकाळी माल न सोडता मशीन एक मीटर लांब कागदावरून चालवा आणि पडलेले मणी तोला. १५० मिलिमीटर रुंदीला ३७ ते ३८ ग्रॅम यायला हवेत. मग भिंगातून पट्टा पाहा. मणी निम्मा किंवा थोडा जास्त रुतलेला हवा. पूर्ण बुडाला असेल तर माल फार पातळ होता, तो प्रकाश परत पाठवणार नाही. वरवर बसला असेल तर माल गार झाल्यावर पडला आहे, बोटानं चोळलं तरी निघतो. मण्यांची पेटी मशीनवर किती मागे बसवली आहे आणि मजूर किती वेगानं चालतो, या दोन गोष्टींनी हे बिघडतं आणि दोन्ही तिथेच दुरुस्त होतात. संध्याकाळी सूर्य पाठीशी घेऊन आपल्या डोक्याच्या सावलीजवळचा पट्टा पाहिला तरी चमक एकसारखी आहे की पट्ट्याच्या एकाच बाजूला आहे ते दिसतं.

चिकटण्याची परीक्षा छिन्नीनं. गार झालेल्या पट्ट्याचा कोपरा उचकटा. खाली डांबर आणि खडीचे कण चिकटून आले तर पकड चांगली. स्वच्छ पाठ आणि धूळ दिसली तर तो दिवसभराचा पट्टा काढून पुन्हा.

मोजमाप आणि नंतरचं लक्ष

रात्रीची चमक रेट्रोरिफ्लेक्टोमीटरनं सातव्या दिवशी मोजायची. डिझाइन वेग ताशी ६५ किमीपर्यंत असेल तर कोरड्या पट्ट्याला २०० मिलिकँडेला प्रति चौरस मीटर प्रति लक्स, ६५ ते १०० ला २५०. दोन वर्षांच्या हमीत ते अनुक्रमे ८० आणि १२० च्या खाली जाऊ नये. वाचनाआधी पट्टा धुवा आणि पूर्ण सुकू द्या. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. कंत्राटदाराचा माणूस बोट दाखवेल तिथे यंत्र ठेवू नका. दुपदरी रस्त्याच्या मध्यरेषेचं वाचन दोन्ही दिशांनी वेगवेगळं घ्या, कारण मशीन ज्या दिशेनं गेलं त्या बाजूनं मणी वेगळे बसतात. एका दिशेचा आकडा चांगला आणि दुसरीचा पडेल असं खूपदा होतं, आणि सरासरी काढली की ते झाकलं जातं.

मोजमाप पुस्तिकेत प्रत्यक्ष रंगवलेलं क्षेत्र चौरस मीटरमध्ये घ्या, तुटक रेषेतली मोकळी जागा वगळून. बाण आणि अक्षरं वेगळी मोजा. रात्रीच्या प्रत्येक फेरीची तारीख, वेळ, साखळी क्रमांक (रस्त्यावरचं ठिकाण दाखवणारं अंतर) आणि फोटो साईट ऑर्डर बुकात जाऊ द्या, तोंडी सूचनेवर थांबू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. सुरक्षेचे मानक न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणा, कंत्राटदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमची लेखी नोंद असली की काम थांबवण्याचा तुमचा शब्दही ऐकला जातो.

काम कधी थांबवायचं, हे विचारलंत. खोदाईच्या कडेला रात्री काहीच दिसत नसेल, झेंडेवाला नसताना एकेरी वाहतूक सुरू असेल, किंवा जुना पट्टा गाड्यांना खोदाईकडे नेत असेल, तर त्याच क्षणी, कोणाची वाट न पाहता. पट्ट्याच्या बाबतीत रस्ता ओला असेल, तापमान हद्दीबाहेर असेल किंवा मणी पडत नसतील तर. बाकीचे दोष लिहून, मुदत देऊन दुरुस्त करून घेता येतात.

हमीच्या काळात पट्टा सगळीकडे सारखा झिजत नाही. पांदणरस्त्यांची तोंडं, गावातल्या गतिरोधकांच्या आधीचे ब्रेक लागणारे तुकडे, बाजाराच्या गावचे फाटे आणि वळणाची आतली कडरेषा आधी जातात. या जागांची यादी करून दरवर्षी मेअखेरीस वाचन घ्या. ओल्या पट्ट्याची अट वेगळी आहे, सुरुवातीला १०० आणि नंतर किमान ५०. कोरड्या उन्हाळ्यात पास झालेला पट्टा तिथे नापास होऊ शकतो. जे तुकडे नापास होतील ते मृगाचा पाऊस येण्याआधी पुन्हा मारून घ्या. पाऊस लागला की चार महिने थर्मोप्लास्टिकला कोरडा रस्ता क्वचितच मिळतो, आणि त्याच चार महिन्यांत रात्री पट्ट्याची गरज सर्वांत जास्त असते.